एलएलपीचं चालू खातं कुठे उघडावं? (स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी, पुणे)

कॉलम_बीम (३ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा एक जुना सहकारी, दोघेही स्ट्रक्चरल इंजिनियर. दिवाळी झाल्यावर नोकऱ्यांना रामराम ठोकला आणि स्वतःचं ऑफिस थाटलं. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) रजिस्टर झाली, पॅन आणि टॅन आले, भागीदारांचा करार स्टॅम्प पेपरवर होऊन दाखलही झाला. जीएसटीचा अर्ज टाकलाय. आता गाडी अडलीय ती चालू खात्यापाशी.

कामाचं स्वरूप सांगतो, म्हणजे जाणकारांना सोपं जाईल. चाकण-रांजणगावकडच्या कारखान्यांच्या शेडची डिझाइनं हे मुख्य. दोन आर्किटेक्ट ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून आरसीसी इमारती येतील. जमलं तर पुढे सरकारी टेंडर भरायची आहेत, जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट वगैरे. शिवाय ऑस्ट्रेलियातली एक फर्म स्टील डिटेलिंगचं थोडं काम देऊ म्हणतेय. रोखीचा व्यवहार शून्य.

समोर चार पर्याय आहेत:
१) घराजवळची सहकारी बँक. बाबांचं खातं तिथेच, मॅनेजर नावाने ओळखतात.
२) मोठी खाजगी बँक. त्यांचा रिलेशनशिप मॅनेजर सकाळ-संध्याकाळ फोन करतोय. किमान सरासरी शिल्लक १ लाख.
३) राष्ट्रीयीकृत बँक. शिल्लक कमी ठेवली तरी चालते, पण पहिल्या भेटीतच "सोमवारी या" ऐकून आलोय.
४) मोबाइल ॲपवरची 'झिरो बॅलन्स' वाली नवी मंडळी.

तुम्ही कोणती निवडाल आणि का?

---

गुंठेवारी

सेव्हिंग खात्यावरच घ्या की राव पैसे. मी कधीपासून घेतोय, कोणी विचारलं नाही. चालू खात्यावर व्याज नाही, वर शिल्लक ठेवायची सक्ती. कशाला नसती उठाठेव!

---

निवृत्त_शाखाधिकारी

गुंठेवारी, कोणी विचारलं नाही म्हणजे चालतं असं नाही. धंद्यासाठी बचत खातं उघडू नये असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. आणि धागाकर्त्याची एलएलपी आहे. एलएलपी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, तिच्या नावाने आलेला चेक भागीदाराच्या बचत खात्यात जमाच होणार नाही. तेव्हा हा रस्ता त्यांच्यासाठी बंद.

बाकी सविस्तर रात्री लिहितो. तोवर धागाकर्त्याने एवढं सांगावं: पैसे कुठल्या टप्प्यांवर येणार आणि दर महिन्याला ठरलेले किती जाणार?

---

कॉलम_बीम

काका, सहसा असं असतं: वर्क ऑर्डरबरोबर १० ते २० टक्के, डिझाइन बेसिस आणि जनरल अरेंजमेंट मंजूर झाल्यावर थोडे, फाउंडेशनची ड्रॉइंगं सोडली की थोडे, मग सुपरस्ट्रक्चर. शेवटचे ५-१० टक्के साइटवरचं काम संपेपर्यंत लटकतात. इमारतींना बिल्डर स्लॅबनिहाय देतात, म्हणजे म्हणतात तरी तसं. 😀

जाणारे पैसे: दोन ड्राफ्ट्समनचे पगार, ऑफिसचं भाडं, ई-टॅब्स आणि स्टाड या डिझाइन सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा हप्ता. आम्हा दोघांना थोडेफार घ्यायचे आहेतच.

---

खतावणी (मी सीए आहे, पण हा सल्ला फुकटचा, तेव्हा त्याच मापाने घ्यावा)

धागा बँकेचा असला तरी आधी हे डोक्यात बसू द्या, कारण "शिल्लक किती ठेवू शकतो" या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

समजा १,००,००० चं बिल केलंत. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. कंपनी तुमचा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) कापणार १० टक्के (इंजिनियरिंग ही व्यावसायिक सेवा आहे, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १९४जे, यंदा एप्रिलपासून वर्षाला ५०,००० च्या वर). जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ १,००,००० वरच कापला जातो. म्हणजे खात्यात आले १,०८,०००. यातले १८,००० सरकारचे, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे. तुमच्या हातात राहिले ९०,०००. कापलेले १०,००० पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर हिशोबात येतील.

नवीन ऑफिसांची पहिली घसरगुंडी इथेच होते. खात्यात १,०८,००० दिसतात, त्यातून पगार, भाडं, प्लॉटरचा हप्ता जातो आणि २० तारखेला चणचण. वर गंमत अशी की सेवेचं बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, जीएसटी देय होतो. म्हणून बरेच कन्सल्टंट आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवतात आणि पैसे येताना टॅक्स इन्व्हॉइस करतात. ते करावं, पण टप्पा पूर्ण होऊन कंपनीने मान्यही केला आणि तुम्ही महिनोन्महिने प्रोफॉर्मावरच बसलात, हे नियमात बसत नाही. ॲडव्हान्स घेतलात तर त्यावर लगेच जीएसटी, तिथे सूट नाही.

दुसरं. भागीदारांनी "थोडेफार घ्यायचे" म्हणालात. यंदाच्या १ एप्रिलपासून कलम १९४टी आलंय. फर्मने किंवा एलएलपीने भागीदाराला पगार, मेहनताना, कमिशन, व्याज दिलं आणि वर्षात २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापून पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा. भांडवलातली उचल त्यात येत नाही. तेव्हा दोघांनी गरज लागेल तसे पैसे ओढायचे आणि मार्चमध्ये सीएला सांगायचं "तुम्ही बघा काय ते", असं करू नका. दरमहा ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला.

---

गुंठेवारी

ताई, ४४एडीए घेतलं की निम्मं उत्पन्न दाखवायचं आणि मोकळं व्हायचं, हिशोबच नको. माझं तसंच चालतं.

---

खतावणी

तुमचं चालतं कारण तुम्ही प्रोप्रायटर आहात. ४४एडीए व्यक्तीला आणि साध्या भागीदारी फर्मला मिळतं, एलएलपीला नाही. ५० लाखांची मर्यादा, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. धागाकर्त्याने एलएलपी करण्याआधी हे कोणी सांगितलं होतं का, हे विचारून आता उपयोग नाही. एलएलपीचा नफा सरळ ३० टक्क्यांनी, वर सेस. मर्यादित जबाबदारी हवी होती असं गृहीत धरते; स्ट्रक्चरलमध्ये ती हवीच असते म्हणा.

---

सदाशिवपेठी

बँकेकडे वळू या. सहकारी बँकेत ठेवू नका, एवढंच सांगतो. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली साडेनऊ वर्षं लोक हेलपाटे घालत होते. २०१९ मध्ये पीएमसी बँकेचं झालं, पहिल्या दिवशी खात्यातून १,००० रुपये फक्त. यंदा फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह. मॅनेजर नावाने ओळखतो, हे त्या दिवशी काय कामाचं?

---

अडगळ

+१. पण मग मार्च २०२० मध्ये येस बँकेवर ५०,००० ची मर्यादा आली होती, ती काय सहकारी होती?

---

सदाशिवपेठी

ती मर्यादा दोन आठवड्यांत उठली आणि स्टेट बँकेसकट बाकीच्यांनी पैसे घातले. फरक आहे ना. मोठी बँक बुडू देत नाहीत.

---

निवृत्त_शाखाधिकारी

दोघांचंही खरं आहे, पण सरसकट नको. सारस्वत किंवा कॉसमॉससारखी शेड्यूल्ड मोठी सहकारी बँक आणि चार शाखांची पतपेढीवजा बँक यांना एकाच तागडीत तोलू नये. न्यू इंडिया शेवटी ऑगस्टमध्ये सारस्वतमध्येच विलीन झाली.

ठेव विम्याबद्दल गैरसमज फार. ५ लाखांचं संरक्षण (फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाख) चालू खात्यालाही आहे. पण ते एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, त्या बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. प्रोप्रायटर असाल तर तुमचं बचत खातं, एफडी आणि फर्मचं चालू खातं हे सगळं तुमच्याच नावावर एकत्र मोजलं जातं. गुंठेवारी, हे तुमच्यासाठी. एलएलपी मात्र स्वतंत्र ठेवीदार. तेव्हा बाबांचं खातं तिथे आहे म्हणून तुमच्या विम्याला धक्का नाही.

आता मूळ प्रश्न. पस्तीस वर्षं काउंटरच्या आतून पाहिलं ते सांगतो. किमान शिल्लक हा आकडा सगळे आधी विचारतात, आणि तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा. १ लाख अडकून पडले तर वर्षाला तुमचे एफडीच्या व्याजाएवढे, म्हणजे सहा-सात हजार गेले. डोळ्यांत येतं, पण ऑफिस बुडत नाही. चार्जेसचं पत्रक मागून घ्या आणि या ओळी शोधा: शिल्लक कमी पडली तर दंड महिन्यावर की तिमाहीवर, एनईएफटी-आरटीजीएस ऑनलाइन केलं तरी फी आहे का (बचत खात्याला ऑनलाइन एनईएफटी जानेवारी २०२० पासून फुकट आहे, चालू खात्याला ती सक्ती नाही), चेक परत गेला तर किती, खातं वर्षाच्या आत बंद केलं तर किती. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) तोंडाने सांगतो ते "सगळं फ्री है सर" कुठल्याही पत्रकात नसतं. तो सहा महिन्यांत बदलतो, पत्रक राहतं.

सहीचा अधिकार नीट ठरवा. ठरावात 'दोघांपैकी कोणीही' लिहिलं की काम सोपं आणि भांडण झालं की कठीण. 'दोघे मिळून' लिहिलं आणि एक जण साइटवर असला की पगार अडतात. मधला मार्ग: ठरावीक रकमेपर्यंत एकाची सही, त्यावर दोघांची. नेटबँकिंगमध्ये हेच एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा असं बसवून मिळतं. सगळ्या बँकांत मिळत नाही, छोट्या सहकारी बँकेत तर बहुधा नाहीच. हे जाऊन स्क्रीनवर बघा, ब्रोशरवर विश्वास नको.

आणि "सोमवारी या" म्हणाले म्हणून राष्ट्रीयीकृत बँक सोडू नका. शाखा बदला, बँक नको. एमआयडीसीतली किंवा लघुउद्योगांची कर्जं बघणारी शाखा शोधा. पेन्शनरांच्या गर्दीतल्या शाखेला एलएलपीचा करार म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागतं. त्यांची चूक नाही, त्यांचं काम वेगळं.

---

मिरज_जंक्शन

काकांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. सरकारी टेंडर भरणार असाल तर बँक गॅरंटी (आपण काम बुडवलं तर पैसे भरायची बँकेची हमी) हाच निकष, बाकी सगळं झूट.

आमची पाणीपुरवठ्याची कन्सल्टन्सी आहे, दोघी बहिणी चालवतो. पहिलं मोठं काम ४० लाखांचं मिळालं. ५ टक्के सुरक्षा ठेव म्हणजे २ लाखांची गॅरंटी. आमचं खातं गावातल्या सहकारी बँकेत. टेंडरमध्ये बारीक अक्षरात "राष्ट्रीयीकृत अथवा शेड्यूल्ड व्यापारी बँकेची". झालं! वर्क ऑर्डर हातात, पंधरा दिवसांची मुदत, आणि नव्या बँकेत खातं उघडण्यापासून सुरुवात. नव्या बँकेत लिमिट नसतं, म्हणून २ लाखांची गॅरंटी हवी तर २ लाखांची एफडी करून ती त्यांच्याकडे गहाण. वर कमिशन, आणि ते पूर्ण मुदतीचं आधीच कापतात.

खरी मजा पुढे. काम संपलं, दोषदायित्व कालावधी संपला, गॅरंटीची मुदत संपली. बँक म्हणते मूळ कागद आणा, नाहीतर विभागाचं ना-हरकत पत्र, तरच एफडी मोकळी करू. मूळ कागद कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात, कुठल्यातरी फायलीत. फाइल लेखापालाकडे. लेखापालांची बदली झालेली. नवीन साहेब म्हणाले, आमच्या रजिस्टरला नोंदच नाही. बँकेने टपालाने पाठवल्याची पोच आमच्याकडे होती म्हणून निभावलं. तीन दिवाळ्या ती एफडी तिथेच व्याज खात बसली होती. (व्याज आमचंच, तेवढं समाधान.)

तेव्हा खातं उघडतानाच मॅनेजरला तीन गोष्टी विचारा. गॅरंटी ह्याच शाखेतून निघते की पुण्या-मुंबईच्या केंद्रीय कक्षातून, आणि किती दिवसांत? एसएफएमएसने (बँकांमधली संदेशयंत्रणा) लाभार्थीच्या बँकेला संदेश जातो का? (विभाग तो आला की नाही हे बघूनच कागद स्वीकारतात, त्यांच्या बँकेचा आयएफएससी कोड आधी मागून ठेवा.) आणि ई-बँक गॅरंटी देतात का? त्यात कागदच हलत नाही, आमच्यासारखी शोधाशोध नाही. विभागाने ती स्वीकारली पाहिजे, एवढीच मेख.

---

कॉलम_बीम

ताई, हे फारच कामाचं. सॉल्व्हन्सी सर्टिफिकेटही (ऐपतीचा दाखला) मागतात ना?

---

मिरज_जंक्शन

हो, नोंदणीला आणि कधी टेंडरलाही. कालच उघडलेल्या खात्यावर कोणी देत नाही. उलाढाल दिसावी लागते, म्हणून टेंडर बघायच्या बँकेत आत्तापासून व्यवहार फिरवत ठेवा. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र आजच करा. फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनने होते. हजार-दोन हजार मागणाऱ्या साइट दिसतील, त्या दलालांच्या. केंद्र सरकारच्या बऱ्याच टेंडरना सूक्ष्म-लघु उद्योगाला बयाणा रक्कम माफ असते.

---

खतावणी

उद्यमचा दुसरा फायदा लिहितेच. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. नाहीतर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो (४३बी मधलं (एच), आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून). म्हणून उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, "मॅडम, तुमचं काही बाकी आहे का?" हे कलियुगात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

---

टेक्लावाला

ऑस्ट्रेलियाच्या कामाबद्दल मी लिहितो. स्टील डिटेलिंगच करतो, गिऱ्हाईक सगळं बाहेरचं.

परकी चलन घ्यायचा परवाना बँकेकडे हवा. बहुतेक छोट्या सहकारी बँकांकडे तो नसतो, त्या दुसऱ्या बँकेमार्फत घेतात, मग पैसा कुठे आहे हे शोधायला दोघांच्या मागे धावायचं. तेव्हा पर्याय १ या कामापुरता बाद.

मोठ्या बँकेतही फी कमी आहे म्हणून हुरळू नका. पैसे जातात ते दरात. इंटरबँक दर आणि बँकेने लावलेला दर यात डॉलरमागे ५० पैशांचा फरक पडला तर १०,००० डॉलरवर ५,००० रुपये गुल. त्यापुढे हजार रुपये फी किरकोळ. आधी फोन करून ट्रेझरीचा दर मागायचा, रक्कम मोठी असेल तर देतात. न विचारता जमा झालं की छापील कार्डचा दर बसतो, तो सगळ्यात वाईट. माझ्या आधीच्या बँकेत (नाव घेत नाही) हा प्रश्न विचारायलाच माणूस नव्हता. ईमेल केला की दोन दिवसांनी उत्तर, "युवर रिक्वेस्ट हॅज बीन क्लोज्ड". तोवर दर कुठल्या कुठे.

प्रत्येक रकमेचं आवक प्रमाणपत्र (एफआयआरए) आपोआप ईमेलवर येतं की अर्ज करून दर वेळी पैसे भरून मिळतं, हे विचारा. निर्यातीवर जीएसटी न भरता काम करायला एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) लागतं, ते दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं, आणि जीएसटीवाल्यांनी विचारलं की पुरावा म्हणून हेच प्रमाणपत्र. परपज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा) इंजिनियरिंग सेवेचा सांगा. काही सांगितलं नाही तर काउंटरवाला हाताला येईल तो टाकतो.

ईईएफसी खातं काढा म्हणून कोणी गळ घालेल. डॉलर डॉलरमध्येच ठेवता येतात खरे, पण व्याज नाही आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत वळवावे लागतात. परदेशी सॉफ्टवेअरचे पैसे डॉलरमध्ये जात असतील तर उपयोग, नाहीतर नुसती शोभा.

---

अडगळ

४ नंबरच्या ॲपवाल्यांबद्दल कोणी काहीच बोललं नाही.

---

रेवती_पी

मी बोलते, माझी एमईपी (इमारतीतली वातानुकूलन, वीज, प्लंबिंगची कामं) कन्सल्टन्सी आहे आणि असं एक खातं वर्षभर वापरलंय. आपल्याकडे या ॲपना स्वतःचा बँक परवाना नसतो. मागे कुठली तरी बँक असते, खातं त्या बँकेत. ॲप मस्त, बिल बनवा, आठवण पाठवा, सगळं छान. पण एकदा खात्यावर केवायसीसाठी रोक लागली तेव्हा ॲपवाले म्हणाले बँकेला विचारा, बँक म्हणाली ॲपला विचारा. गॅरंटी, सॉल्व्हन्सी यांचा तर प्रश्नच नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर म्हणून वापरा, मुख्य खातं म्हणून नको.

सध्या माझी दोन खाती आहेत आणि मला ते सोयीचं पडतं. एक मोठ्या खाजगी बँकेत, सगळी बिलं त्यावर येतात. तिचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरतं आणि थेट टॅलीत जातं, ताळमेळाला अर्धा तास पुरतो. दुसरं राष्ट्रीयीकृत बँकेत, गॅरंटी आणि एफडीसाठी. पैसे आले की त्याच दिवशी जीएसटीचा हिस्सा तिकडे सरकवते. खात्यात दिसत नाहीत, मग खर्चही होत नाहीत.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं: बँकेला तुमचा जीएसटी नंबर द्या. खातं आधी उघडलं आणि नंबर नंतर आला तर शाखेत जाऊन नोंदवून घ्या. बँक तुमच्याकडून जे चार्जेस कापते त्यावरचा १८ टक्के जीएसटी मग तुमच्या जीएसटीआर-२बी (तुम्ही दिलेल्या जीएसटीचं पोर्टलवरचं पत्रक) मध्ये दिसतो आणि परत घेता येतो. नंबर दिला नाही तर तो गेलाच. गॅरंटीचं कमिशन मोठं असलं की ही रक्कम बऱ्यापैकी होते.

---

सदाशिवपेठी

दोन खाती काढली की दोन ठिकाणी शिल्लक. काकांचे सहा-सात हजार दुप्पट झाले.

---

रेवती_पी

राष्ट्रीयीकृतची किमान शिल्लक थोडी आहे हो, आणि तिथे एफडी असली की काही बँका शिल्लकीची अट सोडतात. शिवाय हल्ली सायबर फसवणुकीचा पैसा फिरत फिरत कोणाच्याही खात्यात आला की पोलिसांच्या पत्रावरून ते खातं गोठवतात. आपला काही संबंध नसला तरी सुटेपर्यंत पगार कुठून द्यायचे? दुसरं खातं असलेलं बरं.

---

निवृत्त_शाखाधिकारी

रेवतीताईंशी सहमत. एक शंका कोणीतरी काढेलच म्हणून लिहितो: २०२० च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदारांच्या चालू खात्यांवर बंधनं आणली, त्यामुळे दुसरं खातं मिळतं का? कॅश क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट काहीच नसेल तर अडचण नाही. पुढे घेतलंत तरी सगळ्या बँकांचं मिळून ५ कोटींच्या आत असेल तर (२०२५ च्या नियमाने) हमीपत्र देऊन चालतं. तुम्ही त्या आकड्याला पोहोचलात की पेढे घेऊन या.

ओव्हरड्राफ्ट (ओडी, शिल्लकीपेक्षा जास्त उचलायची सोय) मात्र विचारून ठेवा. तुमच्या धंद्यात पैसे टप्प्याने येतात आणि पगार महिन्याने जातात. तारण द्यायला कन्सल्टंटकडे काही नसतं. दोन कॉम्प्युटर आणि डोकं, दोन्हींवर बँक कर्ज देत नाही. सीजीटीएमएसईच्या (लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट) हमीवर विनातारण मिळतं, राष्ट्रीयीकृत बँकेच्या एमएसएमई शाखांना त्याची सवय असते. एक-दोन वर्षांची रिटर्नं आणि खात्यावरची उलाढाल बघतात. म्हणजे बिलांचे पैसे ज्या खात्यात येतात तीच बँक तुम्हाला ओळखते. रेवतीताई, तुमच्या मांडणीत इथे थोडी गडबड आहे. उलाढाल खाजगी बँकेत दिसते आणि ओडी मागाल राष्ट्रीयीकृतकडे.

---

रेवती_पी

मान्य. मी ओडी घेत नाही म्हणून खपून जातं. धागाकर्त्याने उलटं करावं का मग?

---

कॉलम_बीम (९ नोव्हेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे.

परवा एमआयडीसीतल्या एका राष्ट्रीयीकृत शाखेत जाऊन आलो. फरक खरंच जाणवला. मॅनेजरबाईंनी करार उघडून थेट सहीच्या अधिकाराचं कलम वाचलं आणि म्हणाल्या, "यात बँक व्यवहाराबद्दल काहीच नाही, तुम्ही ठराव वेगळा आणा." गॅरंटी विभागीय कार्यालयातून निघते, एफडीवर असेल तर आठवड्याच्या आत. नेटबँकिंगमध्ये भरणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा असं बसतं, स्क्रीन दाखवली. दिसायला दहा वर्षं जुनी आहे, पण आहे. परकी चलन मात्र दुसऱ्या शाखेतून, दर विचारायला तिथला फोन.

तेव्हा देशातली सगळी बिलं इथे, टेंडर आणि ओडीही इथेच. ऑस्ट्रेलियाचं नक्की झालं तर खाजगी बँकेत दुसरं खातं, त्यांच्या सगळ्यात कमी शिल्लकीच्या प्रकारात. बाबांच्या बँकेतल्या काकांना सांगायचं अवघड काम बाबांवर सोपवलंय.

एक शेवटचं. एलएलपीच्या नावात आम्ही 'अँड' अक्षरांनी लिहिलंय, लेटरहेडवर आणि शिक्क्यावर मात्र ते चिन्ह छापून घेतलंय. बँकेच्या फॉर्मवर काय लिहू?

---

खतावणी

नोंदणी प्रमाणपत्रावर आणि पॅनवर आहे तेच, अक्षर न् अक्षर. एनईएफटी-आरटीजीएस करताना आता समोरच्याला खातेदाराचं नाव आधी दिसतं, आणि मोठ्या कंपनीत वेंडर कोड उघडणारा मुलगा एका अक्षराच्या फरकावर फॉर्म परत पाठवतो. शिक्का नवा करा, शंभर-दोनशे रुपयांचं काम. लेटरहेड संपेपर्यंत वापरा, पण बिलं त्यावर नकोत.

आणि जीएसटी नंबर आला की खातं पोर्टलवर ३० दिवसांत जोडायचं, किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायच्या आधी, जे आधी येईल ते. नाही जोडलं तर नोंदणी स्थगित होते आणि रिटर्नही भरू देत नाही. तेव्हा ठराव उद्याच करा.

---

गुंठेवारी

ताई, मला पण चालू खातं उघडायचंय. प्रोप्रायटरला काय काय लागतं?

---

खतावणी

हुश्श! धंद्याच्या नावाचे दोन पुरावे: जीएसटी, उद्यम किंवा शॉप ॲक्ट यांपैकी. दहापेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना दिल्याची पावती पुरते. तुमचा पॅन, आधार, फोटो. दारावर फर्मच्या नावाची पाटी लावा, बँकेचा माणूस येऊन तिचा फोटो काढतो.

---

गुंठेवारी

पाटी? ऑफिस घरातच आहे, सोसायटी लावू देत नाही.

---

निवृत्त_शाखाधिकारी

घराच्या दारावर, आडनावाखाली, ए-४ कागदावर छापून चिकटवली तरी चालते. फोटोत पत्ता आणि नाव दिसलं पाहिजे.